दिवस कोठून मोजावेत?

विवाहित भगिनींच्या मनात वारंवार येणारा, परंतु सख्ख्या आईजवळही मोकळेपणाने न बोलला जाणारा एक प्रश्न आज आम्ही या सदरात विचारासाठी घेत आहोत. ज्या स्त्रीची मासिक पाळी ठरल्या दिवशी येत नाही, तिने आपणास दिवस गेले आहेत किंवा नाहीत, याची परीक्षा केव्हा करावी? जिची पाळी अठ्ठावीस किंवा तीस दिवसांनी नेमकी येते, तिला हा प्रश्न पडत नाही. ठरलेला दिवस टळला की तिच्या मनात पाल चुकचुकते, आणि दोनचार दिवस वाट पाहून ती परीक्षा करून घेते. परंतु जिची पाळी कधी पाच आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी, तर कधी त्याहूनही उशिरा येते, तिने 'पाळी चुकली' असे कोणत्या दिवशी म्हणावे? तिच्या दिनदर्शिकेत ठरलेला दिवसच नसतो. मग तो टळणार तरी कसा?

धर्मगुरूने असल्या विषयास हात घालावा काय, अशी शंका आमच्या काही वडीलधाऱ्या वाचकांस येईल. त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, पवित्र शास्त्र या विषयास लाजलेले नाही. साराचा स्त्रीधर्म केव्हाच थांबला होता, हे उत्पत्तीच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट नमूद आहे. आणि म्हणूनच देवाचे वचन तंबूच्या दाराआडून ऐकताना तिला हसू आले. उतारवयात गर्भवती झालेली एलिझाबेथ पाच महिने एकांतात राहिली, हे संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात सांगतात. इतकेच नव्हे, तर सकाळच्या शरीराच्या तापमानावरून स्त्रीचे सुपीक दिवस ओळखण्याची जी पद्धत पुढे जगभर पसरली, तिला आकार देण्याच्या कामी 1930 नंतरच्या दशकात जर्मनीतील एका कॅथोलिक धर्मगुरूंनी, फादर विल्हेल्म हिलेब्रांड यांनी, पुढाकार घेतला होता. तेव्हा आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांच्या अडचणीचा हा विषय आम्ही टाळला, तर ते कर्तव्यास धरून होणार नाही.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. 1924 साली जपानमधील डॉक्टर क्यूसाकू ओगिनो यांनी असे दाखवून दिले की, स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस मागच्या पाळीवरून ठरत नसून पुढच्या पाळीवरून ठरतो. बीज बाहेर पडल्यावर, गर्भ राहिला नाही, तर साधारणपणे दोन आठवड्यांत पाळी येते. हा मागचा काळ बहुतेक स्त्रियांत फारसा बदलत नाही. बदलतो तो पुढचा काळ. म्हणजे पाळी आल्यापासून बीज पक्व होईपर्यंतचा. कोणा स्त्रीत तो दोन आठवड्यांचा, तर कोणात दोन महिन्यांचाही असतो. बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या मातेत, वयात आलेल्या मुलीत, चाळिशी ओलांडलेल्या बाईत, थायरॉईडच्या विकारात, बीजकोशांच्या पीसीओएस नावाच्या विकारात, तसेच अतिश्रम, अर्धपोटी राहणे किंवा मनाला बसलेला मोठा धक्का यांमुळे हा काळ लांबतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. पाळी अनियमित असलेल्या स्त्रीने मागच्या पाळीपासून दिवस मोजणे म्हणजे चुकीच्या खांबापासून शेताची हद्द मोजण्यासारखे आहे. फीत कितीही चांगली असली, तरी माप चुकणारच. तिने मोजावयाचे ते पतिपत्नींच्या संबंधाच्या दिवसापासून. हा आजच्या लेखाचा सारांश होय. बाकीचे सर्व त्याच्या स्पष्टीकरणासाठी.

आता किती दिवस मोजावेत? वैद्यकशास्त्र सांगते की, शेवटच्या संबंधापासून 21 दिवस पूर्ण होऊ द्यावेत. हा आकडा कसा येतो, तेही पाहा. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते; म्हणजे गर्भधारणा संबंधाच्या दिवशीच होते असे नाही, ती पाच दिवसांनीही होऊ शकते. तो सूक्ष्म जीव गर्भाशयात उतरून तेथे रुजण्यास 6 ते 12 दिवस लागतात. तो रुजल्यावरच एचसीजी नावाचे द्रव्य आईच्या रक्तात व तेथून लघवीत उतरू लागते, आणि परीक्षेची पट्टी नेमके तेच ओळखते. आरंभी हे द्रव्य अत्यल्प असते. दोनतीन दिवसांत ते दुप्पट होत जाते. पाच, बारा आणि वर चार दिवस, अशी बेरीज केली म्हणजे 21 होतात. याच्या आधी परीक्षा केली आणि 'नाही' असे उत्तर आले, तर ते उत्तर विश्वासार्ह नव्हे. बी पेरून दुसऱ्या दिवशी माती उकरून पाहण्यासारखेच ते आहे.

यावर आमच्या भगिनी म्हणतील, "फादर, नवराबायको एका छपराखाली राहतात, शेवटचा दिवस कोणता म्हणून धरावा?" प्रश्न रास्त आहे. अशा वेळी मागील सहा महिन्यांतील दोन पाळ्यांमधील सर्वांत मोठे अंतर पाहावे. ते अंतर समजा 48 दिवसांचे असेल, तर तितके दिवस उलटताच परीक्षा करावी. त्याआधीही सकाळी मळमळणे, स्तन दुखणे, वारंवार लघवीस जावे लागणे, कारण नसता थकवा येणे, अशी चिन्हे दिसली, तर थांबू नये. उत्तर 'नाही' आले आणि पाळीही आली नाही, तर आठ दिवसांनी पुन्हा परीक्षा करावी. आणि पक्का निकाल हवा असेल, तर पतिपत्नींनी परस्परांच्या संमतीने तीन आठवडे संयम पाळून मग परीक्षा करावी. त्या उत्तरात संशयास फारशी जागा उरत नाही.

ज्या दांपत्यांनी विवाहपूर्व शिबिरात नैसर्गिक कुटुंबनियोजनाचे शिक्षण घेतले आहे, त्यांचे काम आणखी सोपे आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे 1953 साली डॉक्टर जॉन बिलिंग्ज यांनी ज्या संशोधनास आरंभ केला, त्यावरून स्त्रीला अंगावरून जाणाऱ्या पातळ, निसरड्या स्रावाच्या खुणेने सुपीक दिवस ओळखता येतात. ती खूण संपल्यावर दोन आठवडे उलटून तिसरा संपत आला की परीक्षा करावी. ज्या भगिनी रोज पहाटे अंथरुणातून उठण्यापूर्वी तापमान लिहून ठेवतात, त्यांनी ध्यानात ठेवावे की, वाढलेले तापमान 18 दिवस किंवा अधिक काळ तसेच टिकून राहिले, तर बहुधा गर्भ राहिला आहे. पाळी कितीही अनियमित असो, ही खूण आपल्या जागी टिकते.

परीक्षेची रीत कठीण नाही. एके काळी स्त्रीची लघवी प्रयोगशाळेत पाठवून ती उंदरांस टोचीत आणि कित्येक दिवस निकालाची वाट पाहत. बर्लिनमधील आशहाइम व झोंडेक या वैद्यांनी 1928 च्या सुमारास ती युक्ती शोधली होती. आता औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत पट्टी मिळते. आणि जेथे आशाताई काम करतात, तेथे सरकारतर्फे 'निश्चय' नावाचा संच त्यांच्याकडे विनामूल्य देण्याची योजना आहे. पाकिटावरील मुदतीची तारीख आधी पाहावी. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्यावी; रात्रभरात ती दाट झालेली असते. आदल्या रात्री तांब्याभर पाणी पिऊन ती पातळ करू नये. पाकीट ऐन वेळी फोडून, सांगितले असतील तेवढेच थेंब टाकावेत आणि लिहिलेली मिनिटे घड्याळ लावून मोजावीत. एकच रेघ, तीही खात्रीच्या जागी उमटली, तर उत्तर 'नाही'. दोन रेघा उमटल्या, तर उत्तर 'होय'. दुसरी रेघ फिकट असली, तरी ती वेळेत उमटली असल्यास 'होय'च समजावे आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. खात्रीची रेघच उमटली नाही, तर ती पट्टी वाया गेली, नवी घ्यावी. अर्ध्या तासाने कचऱ्यातून पट्टी उचलून तिच्यात रेघ शोधू नये. नुकताच गर्भपात किंवा बाळंतपण झाले असेल, किंवा अपत्यासाठी एचसीजीचे इंजेक्शन घेतले असेल, तर पट्टी खोटा होकार देऊ शकते. तेव्हा डॉक्टरांसच विचारावे.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. काही स्त्रियांस गर्भ रुजताना एकदोन दिवस थोडासा रक्ताचा डाग दिसतो. अनियमित पाळीची स्त्री त्यालाच पाळी समजून निर्धास्त होते. नेहमीपेक्षा फारच कमी व थोडा वेळ दिसलेला स्राव पाळी म्हणून मोजू नये. दुसरी गोष्ट, अंगावर पाजणाऱ्या मातांची. 'पाळी सुरू झाली नाही, तोवर दिवस जात नाहीत' असा आमच्या गावांतून दृढ समज आहे. परंतु बीज आधी बाहेर पडते व पाळी मागून येते; म्हणून बाळंतपणानंतर एकही पाळी न येता पुन्हा दिवस जाऊ शकतात. बाळ सहा महिन्यांचे झाले, वरचे अन्न खाऊ लागले, रात्रीचे पाजणे कमी झाले, की ही शक्यता वाढते.

दिवस कोठून मोजावेत, हा प्रश्न केवळ पट्टीचा नाही. त्यावर एखाद्या घराची अब्रू आणि एखाद्या स्त्रीचे सुख अवलंबून असू शकते. आमच्या पाहण्यातील एक हकीकत नावगाव वगळून सांगतो. आमच्या सीमाभागातून आणि गोव्यातून कित्येक तरुण आखातात व जहाजांवर नोकरीस आहेत. असाच एक जण नाताळसाठी 10 डिसेंबरला घरी आला. पत्नीची पाळी पहिल्यापासूनच अनियमित. मागची सप्टेंबरच्या मध्यावर आलेली. 6 जानेवारीस परीक्षा केली, ती होकाराची निघाली. घरात आनंद झाला. पुढे नोंदणीच्या वेळी तिला मागील पाळीची तारीख विचारली गेली. तिने खरी ती सांगितली आणि कागदावर 'चौथा महिना' असे लिहिले गेले. तो कागद सासूबाईंच्या हाती पडला. मुलगा येऊन पुरता महिनाही झाला नव्हता. घरातले बोलणे बंद झाले. सून दोन दिवस जेवली नाही. मुलाने परतीचे तिकीट लवकरचे काढण्याची भाषा केली.

20 जानेवारीस सोनोग्राफी झाली. तिने चौथा महिना खोटा ठरविला आणि सात आठवडे सांगितले. तरीही संशय फिटला नाही. कारण सात आठवडे मागे मोजले, तर 2 डिसेंबर येतो, आणि मुलगा तर 10 तारखेस आला होता. अखेर त्या बाईच डॉक्टरांनी त्या तिघांस समोर बसवून समजाविले. वैद्यकातील आठवडे मोजण्याची रूढीच अशी आहे की, गर्भधारणेच्या आधीचे दोन आठवडे त्यांत धरलेले असतात. पाळीच्या तारखेपासून मोजण्याच्या जुन्या चालीचा तो अवशेष होय. सातांतून दोन वजा केले म्हणजे बाळाचे खरे वय पाच आठवडे. आणि 20 जानेवारीपासून पाच आठवडे मागे गेले, म्हणजे 16 डिसेंबर येतो. म्हणजे नवरा घरी येऊन सहा दिवस झाले होते. सासूबाईंनी स्वतः बोटांवर मोजून पाहिले आणि सुनेचा हात हाती घेतला. त्या हकीकतीचा शेवट गोड झाला. परंतु दोन आठवड्यांच्या त्या वजाबाकीवाचून किती घरांत काय झाले असेल, याचा विचार आमच्या वाचकांनी करावा.

म्हणून आमचे सांगणे असे की, पाळी अनियमित असणाऱ्या स्त्रीने नोंदणीच्या वेळी ती गोष्ट आवर्जून सांगावी, शक्य असल्यास संबंधाची तारीखही सांगावी आणि पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांच्या सल्ल्याने सोनोग्राफी करून घ्यावी. या काळात डोक्यापासून पाठीच्या टोकापर्यंत बाळाची लांबी मोजून त्याचे वय काही दिवसांच्या फरकाने कळते; पुढे उशीर होईल तसा अंदाज ढिला पडतो. बाळंतपणाची तारीखही यावरूनच नीट ठरते. मुलगा की मुलगी, हे मात्र कोणी विचारू नये व कोणी सांगू नये. 1994 च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि देवाच्या दृष्टीने तर तो त्याहूनही मोठा.

परीक्षा वेळेवर करण्याचे दुसरे कारण बाळाचे आहे. गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत बाळाच्या मेंदूचा व कण्याचा पाया घातला जातो. अनियमित पाळीची स्त्री या सुमारास 'येईल आज ना उद्या' म्हणत वाट पाहत असते. यास्तव ज्या भगिनीस अपत्याची इच्छा आहे, तिने आधीपासूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी घ्यावी. फिट्स, थायरॉईड, रक्तदाब किंवा मुरुमांवरील औषधे चालू असतील, तर दिवस जाण्याची शक्यता असतानाच डॉक्टरांस विचारावे. आपल्या मनाने ती एकाएकी बंद करू नयेत. क्ष-किरण तपासणीपूर्वीही शंका बोलून दाखवावी.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाळी लांबली की दुकानातून 'पाळी आणण्याची गोळी' आणून घेण्याची चाल आमच्या गावांतही शिरली आहे. त्या नावाखाली कोणती गोळी हाती पडेल, याचा भरवसा नाही. कधी ती गर्भपाताचीच असते. ज्या मातेने आपल्या बाळाला जाणूनबुजून कधी इजा केली नसती, तिच्याच हातून अजाणता त्याचा जीव जावा, याहून दुःखाची गोष्ट कोणती? शिवाय गर्भ गर्भाशयाबाहेर असेल, तर अशी गोळी तो काढून टाकीत नाही; रक्तस्राव मात्र पाळीसारखा वाटून खरा धोका झाकला जातो. म्हणून आधी परीक्षा, मग डॉक्टर आणि औषध शेवटी, हा क्रम कोणीही मोडू नये. परीक्षेचे उत्तर काहीही असो, ओटीपोटात एका बाजूस तीव्र कळ, खांद्याच्या टोकाशी वेदना, घेरी, किंवा रक्तस्राव अशी चिन्हे दिसली, तर गर्भ नळीत राहिल्याचा संभव असतो; रात्र असो वा पाऊस, तत्काळ मोठे इस्पितळ गाठावे.

उत्तर पुन्हा पुन्हा 'नाही' येत असेल आणि पाळीही तीन महिने आली नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. हा आजार आहे, अपराध नव्हे. ज्यांस अपत्य हवे आहे आणि पाळी अनियमित आहे, त्यांनी वर्षभर वाट पाहत बसू नये. लवकर सल्ला घ्यावा आणि पतिपत्नी दोघांनीही तपासून घ्यावे.

घरातील वडीलधाऱ्यांस एवढेच विनवितो. परीक्षा ही सुनेच्या चारित्र्याची नव्हे. दर महिन्यास तिच्या तोंडाकडे पाहून 'काही विशेष?' असे विचारीत राहणे म्हणजे तिच्या दुःखावर मीठ चोळणे होय. पतींनी दुकानात जाऊन पट्टी आणण्यास संकोचू नये आणि उत्तर पाहताना पत्नीच्या शेजारी उभे राहावे. अविवाहित मुलीवर असा प्रसंग आला, तर तिने तो लपवून एकटीने निस्तरू नये. आपल्या आईला, धर्मभगिनीला किंवा डॉक्टरांना तीन आठवड्यांच्या आतच सांगावे. आणि आईबापांनी त्या वेळी आधी मुलीला जवळ घ्यावे; रागवण्यास पुढे दिवस पुष्कळ आहेत.

स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर प्रत्येक भगिनीने आजपासून एक सवय लावून घ्यावी. पाळी आली त्या दिवशी एक खूण आणि पतिपत्नींच्या भेटीच्या दिवशी दुसरी, जी त्या दोघांसच कळेल. या दोन खुणा असल्या, म्हणजे डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही. ज्या घरात नवा जीव येत आहे, त्या घरावर आणि जे घर त्याची वाट पाहत आहे, त्या घरावरही पवित्र मातेची कृपादृष्टी असो.